लांगेच्या द्राक्षटेकड्यांतून मोटारीने फिरताना या चुका टाळा

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, पिडमाँट प्रांतातल्या आल्बा या शहराभोवती ज्या टेकड्या पसरल्या आहेत, त्यांना लांगे म्हणतात. बारोलो आणि बार्बारेस्को या इटलीतल्या दोन मानाच्या लाल वाइन इथल्याच नेब्बिओलो द्राक्षांपासून तयार होतात. लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो इथल्या द्राक्षमळ्यांच्या भूप्रदेशाला युनेस्कोने २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तुरिनपासून हा भाग मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावर असल्याने पुष्कळ प्रवासी त्याला एका दिवसात उरकायचे ठिकाण समजतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. इथे निदान तीन मुक्काम करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला हंगाम तिथे लावणे

नाशिक-सांगलीकडची द्राक्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात द्राक्षांचा हंगाम म्हणजे जानेवारी ते मार्च असा पक्का बसलेला असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात; लांगेत मात्र थंडीत एकदाच छाटणी होते आणि वेल वसंतापर्यंत झोपलेला असतो. त्यामुळे मार्चमध्ये गेलेल्या माणसाला तारांवर बांधलेली काळपट, पानाविना खोडे तेवढी दिसतात. एप्रिलमध्ये डोळे फुटतात. मे महिन्याच्या सुट्टीत टेकड्या हिरव्यागार आणि हवा सुखद असते, पण वेलीवर घड शोधू नयेत. नेब्बिओलोचा फुलोराच बहुधा जूनच्या सुमारास येतो. तोडणी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीत जाण्याचा बेत असेल तर त्याच दिवशी इटलीतही मोठी सुट्टी असते, आणि त्या आठवड्यात वाइन बनवणाऱ्यांची अनेक तळघरे व खानावळी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तोडणी सहसा मिळत नाही, पण पाने तांबूस-पिवळी झालेली असतात आणि आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक अळंबीची जत्रा भरलेली असते. याच दिवसांत सकाळी दाट धुके दरीत साचून राहते, त्यामुळे ला मोर्रा या गावाच्या चौकातून, म्हणजे सुमारे ५०० मीटर उंचीवरून, दिसणारा बारोलोचा प्रसिद्ध देखावा सकाळी नऊ वाजता पाहायला जाणे बरेचदा फुकट जाते. सकाळ तळघरासाठी ठेवावी आणि ला मोर्राला दुपारनंतर चढावे. धुके विरळ होताना टेकडीच्या एकेका धारेवरचे गाव वर येऊ लागते आणि समोर कास्तिल्योने फाल्लेत्तोचा गोल बुरूज, त्यापलीकडे सेर्रालुंगाचा उंच, सडपातळ किल्ला ओळखता येतो.

नकाशावरच्या अंतरावर विसंबणे

या मुलुखाची घडणच अशी आहे की गावे डोंगरधारांवर वसली आहेत आणि दोन धारांच्या मध्ये खोल दरी आहे. समोरच्या गावाचे चर्च हाताच्या अंतरावर दिसते, पण तिथे जाण्यासाठी वळणावळणाने खाली उतरून पुन्हा तितकेच वर चढावे लागते. नकाशावर आठ किलोमीटर दिसणाऱ्या रस्त्याला पाव तासाहून अधिक वेळ सहज लागतो. रस्ता अरुंद, समोरून ट्रॅक्टर येणार, आणि आपल्याला उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नाही, हेही त्यात धरले पाहिजे. एका दिवसात बारोलो, मोन्फोर्ते, सेर्रालुंगा, बार्बारेस्को आणि नेइवे अशी यादी करणाऱ्याला पाचही ठिकाणचा वाहनतळ तेवढा दिसतो. बारोलोकडच्या गावांना एक दिवस द्यावा आणि तानारो नदीजवळच्या बार्बारेस्को-नेइवेला दुसरा.

दुसरी गफलत नावांची होते. मोबाइलवर नुसते ‘सेर्रालुंगा’ लिहिले तर कधी मोन्फेर्रातोतले सेर्रालुंगा दी क्रेआ पुढे येते. आपल्याला हवे असते सेर्रालुंगा दाल्बा. कास्तिल्योने फाल्लेत्तो हे बारोलोच्या पट्ट्यात आहे, तर कास्तिल्योने तिनेल्ला हे पार दुसऱ्या बाजूला, मोस्कातो द्राक्षांच्या भागात. म्हणून गावाचे पूर्ण नाव आणि तळघराचा पत्ता दोन्ही तपासूनच निघावे. मोबाइलने द्राक्षमळ्यातल्या कच्च्या वाटेवर नेलेच, तर जवळचा रस्ता आहे म्हणून पुढे रेटू नये. पावसानंतर इथली माती चिकट आणि निसरडी होते, आणि ती वाट अनेकदा फक्त मळेवाल्यांच्या वापरासाठी असते. मागे येऊन डांबरी रस्ता धरावा.

न कळवता तळघराच्या दारात उभे राहणे

लांगेतले बहुतेक उत्पादक म्हणजे एकेक कुटुंब आहे. वाइन ओतून देणारी व्यक्तीच सकाळी मळ्यात असते आणि दुपारी पिंपांजवळ. त्यांच्याकडे आधी ई-मेलने वेळ ठरवूनच जायचे असते, तोडणीच्या दिवसांत तर काही आठवडे आधी. रविवारी अनेक ठिकाणे बंद असतात. दिवसाला दोन भेटी पुरे, एक जेवणाआधी आणि एक नंतर. उशीर होणार असेल तर फोन करावा, कारण आपल्यासाठी कुणीतरी हातातले काम थांबवून बसलेले असते.

वेळ मिळालीच नाही, तर निराश होण्याचे कारण नाही. बारोलोच्या किल्ल्यात, बार्बारेस्कोत पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत आणि ग्रिन्झाने काव्हूरच्या किल्ल्यात प्रादेशिक वाइनघरे आहेत, जिथे अनेक उत्पादकांच्या वाइन एका छताखाली मिळतात. ग्रिन्झानेचा किल्ला तर मुद्दाम पाहावा: इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला काव्हूर तरुणपणी याच गावाचा महापौर होता.

चाखताना ‘यंदाची बारोलो’ मागू नये. नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडात, त्यामुळे दुकानात येणारी नवी बाटलीही काही वर्षांपूर्वीच्या तोडणीची असते. आणि फक्त बारोलोचाच हट्ट धरणे ही मला सर्वांत खेदाची चूक वाटते, कारण इथल्या घरांतल्या रोजच्या जेवणात दोल्चेत्तो आणि बार्बेरा या वाइन असतात, त्या कमी दरात मिळतात आणि जेवणाबरोबर अधिक सहज जुळतात.

चाखून लगेच गाडी हाती घेणे

इटलीत रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि ज्यांचा परवाना तीन वर्षांहून नवा आहे त्यांच्यासाठी ती शून्य आहे. बारोलोत मद्यार्काचे प्रमाण साधारण १४ टक्के असते. एका भेटीत पाच-सहा वाइन समोर येतात आणि घोट छोटे वाटले तरी त्यांची बेरीज होते. टेबलावर ठेवलेले भांडे थुंकण्यासाठीच असते. त्याचा वापर करण्यात कोणाचाही अपमान नाही, मुरलेले जाणकारही तेच करतात. तरीही चालवणाऱ्याने त्या दिवशी न पिणे हाच खरा उपाय आहे. सगळ्यांनाच चाखायचे असेल तर ला मोर्रात मुक्काम करून मळ्यांतल्या पायवाटेने बारोलोला चालत उतरावे आणि परतीसाठी टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. हात दाखवून टॅक्सी मिळेल, अशी ही गावे नाहीत.

जेवणाची वेळ आणि शाकाहार गृहीत धरणे

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत काही शिजत नाही. तीन वाजता भुकेने गावात पोहोचलेल्याला बारमधल्या सँडविचवर भागवावे लागते, म्हणून गाडीत हेझलनटचा केक किंवा फळे असावीत.

शाकाहारी मंडळींची फसगत एका ठरावीक पदार्थात होते. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ म्हणजे चिमटी घेऊन बंद केलेल्या, नखाएवढ्या पास्त्याच्या पुरचुंड्या. त्या लोणी आणि सेजच्या पानांत परतून येतात आणि ताटात पूर्ण शाकाहारी दिसतात, पण आतले सारण बहुधा भाजलेल्या मांसाचे असते. भाजलेल्या ढोबळ्या मिरचीवरच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासा असू शकतो. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांसही नको आणि मासाही नको, असे दोन्ही सांगावे लागते. अंडे चालत असेल तर ‘तायारिन’ या बारीक कापलेल्या पिवळ्याधमक शेवया लोणी-सेजबरोबर मागवाव्यात. इथल्या घरगुती चवीची ओळख व्हायला तेवढ्या पुरेत. त्यांवर वाढप्याने पांढरा ट्रफल किसायला घेतला, तर आधी दर विचारावा. तो ग्रॅमवर लावला जातो आणि बिलात पास्त्यापेक्षा ट्रफलच महाग पडतो. ताजा पांढरा ट्रफल शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंतच मिळतो.

गाडीची कागदपत्रे, पेट्रोल आणि टोल

भारतीय परवान्यासोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि तो एक वर्षच चालतो. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या मागतात. पंपावर ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. चुकीचे इंधन भरले गेले तर इंजिन चालू न करता कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. टोलनाक्यावर नुसते ‘टेलेपास’ (आपोआप टोल कापणारे यंत्र) लिहिलेली पिवळी रांग टाळावी. चुकून शिरलात तर गाडी मागे घेणे धोक्याचे आहे. मदतीचे बटण दाबावे आणि मिळालेल्या पावतीवर नंतर पैसे भरावेत. गावात पांढऱ्या रेषांत पार्किंग मोफत, निळ्यांत पैसे देऊन, आणि पिवळ्या रेषा राखीव.

जुन्या शहरात नकळत शिरणे

इटलीतल्या अनेक शहरांच्या जुन्या भागात ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो, जिथे परवानगी नसलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो. प्रवेशाशी ‘वार्को आत्तीवो’ अशी पाटी उजळली की वाट खुली आहे, असे समजून प्रवासी आत घुसतात. प्रत्यक्षात कॅमेरा सुरू आहे आणि आत जाऊ नये, असे ती सांगत असते. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधीच कळवून नोंद करून घ्यावी. दंड झालाच, तर काही आठवड्यांनी कंपनी कार्डावरून एक रक्कम कापते, आणि तोच दंड होता असे समजून पुष्कळ जण विसरून जातात. ती रक्कम केवळ नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे शुल्क असते. खऱ्या दंडाची नोटीस परदेशी पत्त्यावर ३६० दिवसांच्या आत निघू शकते, आणि ती हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरल्यास बहुतेक दंडांत ३० टक्के सूट मिळते.