हॉगर्थची नक्कल करताय? मग या चुका टाळा

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या दुकानांत गल्ल्यामागं एक चित्र हमखास टांगलेलं असायचं. एकीकडं रोखीनं विकणारा ढेरपोट्या शेठ, दुसरीकडं उधारीनं बुडालेला हाडकुळा, शेजारी रिकामी तिजोरी आणि उंदीर. विल्यम हॉगर्थ या इंग्रज चित्रकारानं लंडनमध्ये १७४३ च्या सुमारास असाच उद्योग केला, फक्त सहा कॅनव्हासांवर. ‘मॅरेज अ-ला-मोड’ त्याचं नाव. पैशासाठी जुळवलेलं लग्न कसं नासतं, याची ही गोष्ट आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या तैलरंगातल्या नकला मी करतो, शिकायला पोरंही येतात. आणि दरवर्षी नवी पोरं त्याच चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चित्र न वाचता रंगवायला बसणं.

होटगी रोडच्या एका डॉक्टरांनी पहिलं आणि शेवटचं अशी दोन चित्रं सांगितली होती. पहिल्यात लग्नाचा करार चाललाय. गाऊट या सांध्यांच्या आजारानं सुजलेला पाय पट्टीत गुंडाळून म्हातारा सरदार वंशावळ दाखवतोय, नवरदेव आरशात स्वतःलाच न्याहाळतोय, खाली दोन कुत्री एकाच साखळीत अडकलीत. माझ्याकडच्या एका पोरानं तीन आठवडे घासून काम केलं. मखमल, लेस, सगळं झकास. मीही वरवर बघून होकार दिला, ही माझी चूक.

डॉक्टर दोन्ही चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “या लेकराच्या गालावर काळा डाग आहे. मग बापाच्या मानेवर का नाही?”

मूळ चित्रात नवरदेवाच्या मानेवर ठळक काळा ठिपका आहे. ती सिफिलिस या गुप्तरोगाची खूण. शेवटच्या चित्रात आईनं विष घेतलंय, तिचा बाप तिच्या बोटातली अंगठी काढतोय आणि लेकराच्या गालावर तोच डाग उतरलाय. पोराला विचारलं, तर म्हणाला, “छपाईची घाण वाटली की सर. मी काढून टाकलो.”

ठिपका पुन्हा द्यायला दोन मिनिटं लागली. डॉक्टरांसमोर मान वर करायला जास्त वेळ लागला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. ब्रशला हात लावण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रातल्या वस्तूंची यादी करायची. दुसऱ्या चित्रासाठी ती अशी होते: उलथलेली खुर्ची, मोडकी तलवार, नवऱ्याच्या खिशातली बाईची टोपी, ती हुंगणारं कुत्रं, न भरलेल्या बिलांचा गठ्ठा घेऊन निघालेला कारभारी. काम झालं की एकेकावर खूण. पोरं हसतात. हसू देत.

दुसरी चूक माझी स्वतःची. सुरुवातीला एका पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून अख्खं रेखाटन उतरवलं आणि रंग बघायला मूळ चित्राचा फोटो शोधला, तर सगळं उलटं! पुस्तकात होता तो १७४५ चा छापा, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली प्रत. हॉगर्थनं ही चित्रं छाप्यांसाठीच रंगवली होती आणि छाप्यात त्यांची डावी-उजवी बाजू बदलली. कॅनव्हासवर पांढरा फासून पुन्हा सुरुवात केली. ओळखायचं सोपं आहे. करारनाम्याच्या मूळ चित्रात म्हातारा सरदार उजव्या कडेला बसलाय. तो डावीकडं दिसला की छापा समजा. नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर मूळ चित्रं आहेत, तीच घ्या.

आकार. मूळ चित्र साधारण ७० बाय ९१ सेंटिमीटर. एवढाच कॅनव्हास घ्या. वहीच्या पानाएवढ्या नकलेत तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो.

चौकोन आखून उतरवायला लाज वाटून घेऊ नका. आपल्या गावात चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर घराघरानं भरतात, मग मागावर चढते. त्या कारागिरांना कुणी कच्चं म्हणत नाही.

मे महिन्यात सोलापुरात टर्पेंटाइन वाटीतच उडून जातं. वरून हात लावला तर रंग वाळलेला वाटतो, आत ओलाच असतो. पहिले थर टर्पेंटाइनचे, पातळ. जवसाच्या तेलाचं प्रमाण वरच्या थरांत वाढवायचं. उलटं केलंत तर भेगा पडणारच. वॉर्निश सहा महिन्यांनी. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला चहा पाजा.

जुनं दिसावं म्हणून वरून तपकिरी हात फिरवू नका. ही चित्रं उजळ आहेत.

कॅनव्हासवर प्रिंट काढून त्यावर जेल फासायचं आणि ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकायचं, ही चूक नाही, लबाडी आहे. हॉगर्थ स्वतः चोरट्या नकलांना एवढा वैतागला होता, की त्याच्या खटपटीतून १७३५ साली इंग्लंडात छापील चित्रांना १४ वर्षांचं संरक्षण देणारा कायदा झाला. त्याची सही तर अजिबात उतरवू नका. कॅनव्हासच्या मागं ‘हॉगर्थवरून’ लिहून खाली आपलं नाव घाला.

आणि कुणी हॉगर्थची ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही दुसरी चित्रमालिका मूळ रंगांत मागितली तर आधीच सांगा, की ती सहाही चित्रं १७५५ च्या आगीत जळाली, उरलेत ते छापे. रंग आपल्या मनाचे असतील. हे ऐकून माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसऱ्यानं विचारलं, “मग किती स्वस्त देणार?”