कड्यांचा जादूप्रयोग जवळून दाखवताना फट कशी लपवली

या प्रयोगात धातूच्या बंद दिसणाऱ्या कड्या एकमेकींत अडकवून दाखवतात. प्रेक्षक दोन फुटांवर असतील तर १२ इंची कड्या नकोत; ४ इंची घ्याव्यात. संच चारचा: एक सुटी, दोन कायमच्या जोडलेल्या, एक फटीची, म्हणजे जिच्यात दुसरी कडी आत सरकण्यापुरती फट असते.

खरी अडचण फटीची. ती अंगठा आणि तर्जनीच्या पेरांत झाकली, तरी कडी अडकवताना अंगठा उचलला जायचा आणि फट चमकायची. उपाय असा: अंगठा उचलायचाच नाही, फक्त किंचित सैल करायचा. सुटी कडी फटीवर हलकेच दाबली की अंगठ्याच्या मांसल भागाखालून आत सरकते. आवाज तेव्हा नको. कडी आत गेल्यावर खाली सोडावी, मग खणखणू दे.

तपासायला आधी सुटी कडी द्यावी. जोडी मात्र ‘जोडून’ दाखवल्यावरच. हाताला घाम असेल तर रुमाल जवळ ठेवा, पकड निसटते.