सहलीतल्या मुलांच्या गमती कशा टिपून ठेवाव्यात

कुटुंबासह सहलीला गेल्यावर मुले जे काही बोलतात, त्यातले बहुतेक घरी परतेपर्यंत आपण विसरून जातो. छायाचित्रे शेकड्यांनी उरतात; पण मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींची नावे ऐकून एखादे मूल गंभीरपणे "मग चहाबाव कुठे आहे?" असे विचारते, ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. ते लिहूनच ठेवावे लागते.

त्यासाठी खिशात मावेल एवढी वही पुरेशी आहे. दिवसभर एकेका ओळीची खूण करावी आणि मूल झोपल्यावर त्याच रात्री सविस्तर लिहावे. दुसऱ्या दिवसावर टाकले, की आपण नकळत मुलाचे वाक्य सुधारून टाकतो आणि त्याची सगळी गंमत निघून जाते. मूल "मी वाळूचा किल्ला करला" म्हणाले असेल, तर वहीतही "करला" असेच यावे. इतर क्रियापदांच्या चालीवर त्याने ते रूप स्वतः घडवलेले असते आणि वर्षभरात ते त्याच्या तोंडून नाहीसेही होते, म्हणून ते जपण्याजोगे आहे.

नुसते वाक्य मात्र पुरत नाही. विहिरींची नावे आधी लिहिली नाहीत, तर "चहाबाव" हा शब्द पाच वर्षांनी कोणालाच उमगणार नाही. म्हणून ठिकाण, तारीख, मुलाचे वय (लहान मुलांचे महिन्यांसह), त्याआधी काय घडले आणि उत्तर कोणी दिले, एवढे तरी नोंदवावे. कृतींच्या बाबतीत तर अधिकच बारकाईने लिहावे. कोकण रेल्वेने मुंबईहून जाताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे येथे सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. बाहेर अंधार झाला की डब्यातल्या दिव्यांमुळे खिडकीच्या काचेत आपलेच प्रतिबिंब दिसू लागते. अशा वेळी एखादी तीन वर्षांची मुलगी काचेतल्या मुलीपुढे आपले बिस्कीट धरते, तीही आपल्यापुढे बिस्कीट धरते आहे हे पाहून हात मागे घेते आणि "तिच्याकडे आहे" असे आईला सांगते. "काचेत बघून गंमत केली" एवढेच लिहिले, तर यातले काहीही हाती राहत नाही.

मुलांच्या अशा बोलण्यामागे विचार असतो, हे लिहिणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावे. रात्रीच्या प्रवासात चंद्र आपल्या गाडीबरोबर येतो असे मुले सांगतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनीही मुलांची ही समजूत नोंदवली होती. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर असल्याने आपण काही किलोमीटर पुढे गेलो, तरी त्याची दिशा बदललेली जाणवत नाही आणि जवळची झाडे मात्र भराभर मागे पडतात. मुलाचे निरीक्षण अचूकच असते. त्यामुळे ओहोटीच्या वेळी "समुद्राचे बूच कोणी काढले?" असा प्रश्न आला, तर आधी हसून मोकळे होण्यापेक्षा "तुला काय वाटते?" असे विचारावे. पुष्कळदा त्याचे उत्तर प्रश्नाहूनही सुरस असते. भरती-ओहोटीचा चंद्राशी असलेला संबंध त्यानंतर सांगता येतो.

तेच वाक्य पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवायला मुलाला सांगणे मला अतिशय गैर वाटते. मूल एक तर बुजते किंवा हशा मिळावा म्हणून मुद्दाम बोलू लागते. दोन्ही प्रकारांत सहज बोलणे थांबते. शौचाच्या फजित्या, भीती, रडणे यांच्या नोंदी घरातच राहाव्यात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर काही पाठवायचे असल्यास, समजण्याएवढ्या मोठ्या मुलाला आधी विचारावे आणि त्याने नको म्हटले, तर तो निर्णय पाळावा.

परतल्यावर आठवडाभरात नोंदी पक्क्या वहीत उतरवाव्यात आणि प्रत्येक पानावर रुंद समास सोडावा. मूल वाचू लागले, की वही त्याच्या हाती द्यावी. आपण तसे बोललोच नव्हतो असे त्याचे म्हणणे असेल, तर तेही त्याच्याच अक्षरात, तारखेसह, त्या समासात लिहून घ्यावे.