लाईन जायच्या आधी: अपस्ट्रीमचा कोड नव्याने आणताना

मे महिन्यात आमच्या वरूडकडच्या गावात दुपारी लाईन राहील याचा भरवसा नसतो. म्हणून ज्या दिवशी उसना कोड नव्याने आणायचा, त्या दिवशी बाबा संत्र्याच्या बागेत मोटर लावायला निघाले की मी आधी अपस्ट्रीमचं, म्हणजे तो कोड ज्या मूळ प्रकल्पाचा आहे त्याचं, सगळं गिट रेपो (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास) टॅगांसकट, म्हणजे आवृत्त्यांच्या खुणांसकट, फेच करून (उतरवून) घेतो. एकदा इतिहास लॅपटॉपवर उतरला की नेट जाओ नाही तर टॉवर, डिफ (दोन प्रतींतला फरक), लॉग (बदलांची यादी), ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली) बिनघोर चालतात.

आमच्या प्रकल्पात देवनागरीची अक्षरजोडणी हार्फबझ ही लायब्ररी करते आणि तिचा कोड आमच्याच रेपोत एका फोल्डरात आहे. त्या फोल्डरात एक नोंदीची फाइल असलीच पाहिजे: कोड कुठून आणला, परवाना कोणता, आपण काय बदललं. आणि नुसता आवृत्तीचा आकडा नको, नेमक्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, लिहा. क्रोमियम ब्राउझरवाले अशा फोल्डरांत 'रीडमी.क्रोमियम' ठेवतात, फायरफॉक्सवाले 'मोझ.यॅमल'. नाव काहीही द्या, फाइल रिकामी नको.

आता खरं किचकट काम. नोंदीतल्या जुन्या कमिटची कोरी प्रत बाजूला काढा आणि आपल्या फोल्डराशी डिफ लावून बघा. नोंदीत नसलेली एक जरी ओळ निघाली तरी पुढे जाऊ नका. मी एकदा घाईत त्या फोल्डरातच तीन ओळींची दुरुस्ती केली आणि लिहून ठेवली नाही. पुढच्या अपग्रेडमध्ये ती पुसली गेली, बिल्ड (कोड बांधून केलेली तपासणी) मात्र हिरवं, म्हणजे सगळं ठीक! तोच बग परत आला तेव्हा दोन रात्री मीच मला शिव्या घातल्या. तेव्हापासून आपला प्रत्येक बदल वेगळ्या पॅच (फक्त त्या बदलाच्या) फाइलीत, वर कारण आणि अपस्ट्रीमला पाठवला की नाही ते. त्यांनी तो घेतला की आपल्याकडचा पॅच काढून टाका. कमी पॅच म्हणजे पुढच्या वेळी कमी डोकेदुखी. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात बाहेरून आलेला कोड जसाच्या तसा व्हेंडर ब्रँच या वेगळ्या शाखेवर ठेवतात आणि तिथून मुख्य झाडात (मुख्य कोडात) मर्ज करतात, म्हणजे मिसळतात. छोट्या प्रकल्पाला एवढा थाट नको, पण आयात एका कमिटमध्ये आणि आपले पॅच दुसऱ्यात, एवढं तरी पाळा. कोडची मांडणी आपोआप बदलणाऱ्या फॉरमॅटरलाही तो फोल्डर वगळायला सांगा, नाही तर एका सेव्हमध्ये हजार ओळींचा डिफ.

टारबॉल (रिलीजचा बांधलेला गठ्ठा) घेणार असाल तर तो त्याच टॅगच्या गिट झाडाशी ताडून बघा. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये मागचं दार (लपवलेली चोरवाट) सापडलं. ते चालू करणारी बिल्डची फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. उलटीही गंमत होते. झेडलिब या डेटा दाबणाऱ्या लायब्ररीतल्या एका बगची दुरुस्ती 2018 मध्येच त्यांच्या गिटमध्ये होती, पण ती ज्यात आली ते 1.2.12 निघालं मार्च 2022 मध्ये. म्हणून नुसत्या रिलीजकडे डोळे लावून बसू नका, मधले कमिटही चाळा.

परवाना बदललाय का ते एका डिफात कळतं, त्यात वेळ घालवू नका.

नव्या कोडने अक्षरं नीट जुळतात का हे बघायला चाचणीचे शब्द आधीच काढून ठेवा. माझा पहिला शब्द अर्थातच 'वऱ्हाड'. यातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो: ऱ ला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दोन्ही प्रकारे लिहून बघा. पहिल्यात हलन्ताचा पाय मोडलेला दिसला, किंवा दुसऱ्यात जॉइनर गळून ह च्या डोक्यावर रफार चढला, तर तो कमिट पुश करायचा (वर पाठवायचा) नाही, लाईन असो नसो.