इपोहला हॉकी पाहायला जाण्यापूर्वी करायची तयारी

सुलतान अझलन शाह चषक ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा १९८३ साली सुरू झाली. मलेशियातील पेराक राज्याची राजधानी असलेल्या इपोह शहरातील अझलन शाह स्टेडियमवर ती आता सहसा भरते. ती प्रत्यक्ष पाहण्याचा बेत असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. स्पर्धेचा महिना ठरलेला नसतो. २०२४ साली ती मे महिन्यात झाली, तर २०२५ साली नोव्हेंबरात. शिवाय भारत दर वेळी खेळतोच असे नाही. २०२४ च्या स्पर्धेत आपला संघ नव्हता आणि जपानने पाकिस्तानला हरवून चषक नेला. त्यामुळे सहभागी संघांची यादी आणि सामन्यांचे वेळापत्रक अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत, परतावा न मिळणारे कोणतेही आरक्षण करू नये.

वेळापत्रक हाती आल्यावर सर्वांत जास्त विचार पावसाचा करावा, कारण इपोहमध्ये वर्षभर पाऊस पडतो आणि तो बहुधा दुपारनंतर, म्हणजे नेमका सामन्यांच्या वेळेला येतो. कृत्रिम हिरवळीवर खेळापूर्वी मुद्दाम पाणी मारलेले असते हे खरे. परंतु पाणी साचले की चेंडू जागच्या जागी थांबतो, आणि विजा चमकू लागल्या की खेळाडूंना मैदानाबाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसते. २०१० साली भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील अंतिम सामना पावसामुळे पूर्ण होऊ शकला नाही आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. भारताच्या पाच विजेतेपदांपैकी (१९८५, १९९१, १९९५, २००९ आणि २०१०) ते शेवटचे. २०२५ मध्येही भारत-बेल्जियम साखळी सामना पावसामुळे दुसऱ्या दिवशी ढकलला गेला. म्हणून ज्या सामन्यासाठी मुख्यतः जायचे आहे, त्याच्या पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा आणि हॉटेलचे आरक्षण त्या हिशेबानेच करावे. छत्रीऐवजी रेनकोट घ्यावा, कारण उघडलेल्या छत्रीमुळे मागच्या रांगेतील प्रेक्षकांना काहीच दिसत नाही आणि ते साहजिकच चिडतात. पायमोज्यांचे दोन जादा जोड आणि मोबाइलसाठी झिपची प्लॅस्टिकची पिशवी या क्षुल्लक वस्तूंची आठवण तिथे पहिल्याच संध्याकाळी होते.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे आहे. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, व्हिसाविषयीचा त्या वेळचा नियम पाहून घ्यावा आणि मलेशियात पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. विजेची बटणे व सॉकेट ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची असल्याने त्यासाठीचा अडॅप्टर घरूनच न्यावा.

क्वालालंपूरच्या विमानतळावरून केएल सेंट्रल स्थानक गाठावे आणि तिथून ईटीएस ही विजेवर चालणारी जलद गाडी पकडावी. सुमारे अडीच तासांत ती इपोहच्या जुन्या, पांढऱ्या स्थानकात पोहोचवते. शनिवार-रविवारी व सणासुदीला या गाडीची तिकिटे लवकर संपतात, तेव्हा ती आधीच काढावीत. बसही आहेत, परंतु इपोहचे अमानजाया बसस्थानक शहराबाहेर आहे आणि सामान घेऊन तिथून पुन्हा टॅक्सी शोधण्यात अर्थ नाही.

तिकीट घेताना सर्वसाधारण कल मैदानाच्या मध्यरेषेसमोरील जागेकडे असतो. माझे मत वेगळे आहे. सहा संघ येतात, प्रत्येक जण इतर पाचही संघांशी खेळतो, म्हणजे बहुतेक दिवशी तीन सामने पाहायला मिळतात. त्यांपैकी निदान एक सामना गोलपोस्टच्या मागच्या बाजूने, शक्य तितक्या उंचावरून पाहावा. पेनल्टी कॉर्नरच्या (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीच्या) वेळी गोलरक्षकासह पाच बचावपटू रेषेवरून सुटतात. त्यांतला पहिला धावणारा ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावण्याचा फटका) मारणाऱ्याच्या अंगावर कोणत्या कोनातून जातो आणि त्यामुळे गोलची कोणती बाजू उघडी पडते, हे बाजूच्या कट्ट्यावरून कळतच नाही, कारण तिथून सगळे एकमेकांआड जातात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे लक्षात ठेवून आपल्या संघाचे आक्रमण कोणत्या अर्धात पाहायचे ते ठरवावे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा खेळ असला तरी विश्रांती, व्हिडिओ पंचांकडची दाद आणि कॉर्नरसाठी थांबवलेले घड्याळ धरून एका सामन्याला दीड तास तरी मोजावा. खडकीच्या धनराज पिल्ले यांच्यामुळे हॉकीकडे वळलेल्या पिढीला दोन सत्रांचा सत्तर मिनिटांचा खेळ आठवत असेल. बदललेले नियम, विशेषतः शूटआउटमधील (बरोबरी झाल्यास एकेका खेळाडूने गोलरक्षकाला चकवून गोल करण्याच्या फेरीतील) आठ सेकंदांचा, त्या पिढीने आधी वाचून घ्यावेत.

खाण्याच्या बाबतीत मांसाहारी माणसाला इपोहमध्ये काहीच अडचण नाही. मोड आलेल्या कडधान्याबरोबरची कोंबडी आणि तिथली व्हाइट कॉफी चुकवू नये. शाकाहारी माणसाने मात्र नुसती भाजी मागवून निश्चिंत होऊ नये, कारण परतलेल्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली वडी, घातलेली असू शकते. शहरातील लिटिल इंडिया भागात तमिळ पद्धतीच्या खाणावळी आहेत आणि केळीच्या पानावरचे जेवण तिथे पोटभर मिळते. सामन्याच्या दिवशी ते दुपारीच उरकावे.

परतीचे विमान अंतिम सामन्याच्या रात्रीचे घेऊ नये. सामना लांबला, शूटआउटवर गेला किंवा पावसाने अडला, तर क्वालालंपूरची गाडी सुटलीच म्हणून समजावे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे विमान आणि त्याच सकाळची ईटीएस, असे तिकीट काढावे.