फाटक ते पोर्च: पेव्हर ब्लॉक खचू नयेत म्हणून
शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण खाली पोकळी राहिली की चाकाखाली तडकते. काळ्या मातीवर तर हमखास. म्हणून फरशी काढून ६० मिमी जाडीचे इंटरलॉकिंग (एकमेकांत अडकणारे) पेव्हर ब्लॉक टाकले. टँकर आत येणार असेल तर ८० मिमी घ्या.

पैसा खालच्या थरांवर घालावा. काळी माती फूटभर उकरली, मुरूम १५ सेंमीच्या थरात पाणी मारून रोलरने दाबला, वर १० सेंमी खडी, मग ३ सेंमी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू). ही वाळू आधी दाबायची नाही, फळीने नुसती सपाट करायची. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, म्हणजे काठाचे ठोकळे, हवाच (गवंडी हाच टाळतात), नाहीतर ब्लॉक सरकून सांधे उघडतात. उतार घरापासून बाहेर, मीटरला २ सेंमी. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं सपाट यंत्र) फिरवला.