विंडोज ११ टाकल्यावर फिंगरप्रिंट चालेना

भावजींच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकलं आणि बोटाने लॉगिन बंद. इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानात सेन्सरच बदला म्हणाले. मला पटलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, सेन्सरच्या नोंदीवर पिवळं चिन्ह दिसत होतं. सेन्सर पार गेला असता तर बहुधा तिथे काहीच दिसलं नसतं.

त्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. व्हीआयडीपुढचा चार अक्षरी कोड सेन्सर कोणाचा ते सांगतो, पीआयडीपुढचा कोणता ते. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्येही वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर असू शकतात, त्यामुळे हाताला लागेल तो ड्रायव्हर (सेन्सर चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून नेमका ड्रायव्हर उतरवला. फुकट्या ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या नादी लागूच नका.

आधी जुना अनइन्स्टॉल केला, तोही ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनात खूण करून. नाहीतर विंडोज तोच पुन्हा आणून बसवतं. रीस्टार्ट करून नवा टाकला. चिन्ह गेलं, तरी बोट घेईना! सर्व्हिसेसमध्ये पाहिलं तर विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस बंद. ती ऑटोमॅटिक करून सुरू केली. आणि हो, पिन ठेवल्याशिवाय विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजची बोटाने लॉगिन करायची सोय, ठसा घेतच नाही. भावजींना पिन नकोच होता, पण इलाज नव्हता.

लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर सेन्सर गायब होत असेल, तर पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची खूण काढा.